ओल्या बोंबलांची एरियल

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला तेव्हा माझे निम्मे केस पांढरे झाले होते. निम्मे हा अंदाज आहे, मोजून सांगत नाही.

हा परवाना म्हणजे घरी जोडलेल्या यंत्रावरून, आपल्यासारखाच नाद असलेल्या दूरच्या माणसांशी बिनतारी बोलायची सरकारी मुभा. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गाच्या परवान्यावर सुरुवातीला तोंडाने बोलता येत नसे. टिंब आणि रेघ, म्हणजे मोर्स, एवढंच. त्याची परीक्षा द्यायची म्हणून मी जेवताना आमटीच्या वाटीवर चमच्याने अक्षरं वाजवायचो. बायको म्हणायची, "आमटी हवी असेल तर तोंडाने मागा."

परीक्षा झाली, परवाना आला, यंत्रही तयार झालं. ते मी फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं होतं, कारण तो डबा चौकोनी होता आणि घरात रिकामा होता. आम्ही राहत होतो भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या एका सोसायटीत. एका रविवारी सकाळी मी गॅलरीत तार बांधली आणि पहिल्यांदा मोर्सची कळ दाबली. त्याच क्षणी आमच्या विंगमधल्या प्रत्येक टीव्हीवर आडव्या रेघा आल्या. सगळी बिल्डिंग त्या वेळी पौराणिक मालिका बघत होती. सेक्रेटरी टॉवेलवरच वर आले. म्हणाले, "देव दिसेनासे झालेत. तुम्ही काही केलंय का?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. त्यामुळे गच्चीही बंद आणि गॅलरीही बंद, असं मीटिंगमध्ये ठरलं. मी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

यंत्र लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलं आणि तिथेच राहिलं. दोन खोल्यांच्या घरात कपाट एकच. नाताळच्या सुट्टीत बायकोचा भाऊ मुलाबाळांसकट यायचा होता, आणि पाहुण्यांच्या चादरी कुठे ठेवायच्या हा प्रश्न तिने माझ्यापुढे ठेवला.

"आजवर या डब्यातून कोणाशी बोललात?"

"अजून कोणाशी नाही."

"एकाशीही नाही?"

"एकाशीही नाही म्हणजेच कोणाशी नाही."

"मग असं करा. या रविवारी बाहेर कुठेतरी जा आणि माझ्यासमोर एका तरी माणसाशी बोलून दाखवा. बोललात तर कप्पा तुमचा. नाहीतर चादरींचा, आणि हा डबा भंगारवाल्याला."

मला हे न्याय्य वाटलं. घराबाहेरून यंत्र चालवायला वेगळी परवानगी लागते, ती मी आधीच मागवून ठेवलेली होती. नियमांच्या बाबतीत मी कच्चा नाही.

जागा शोधली ती चौक नावाच्या कोळ्यांच्या गावची. तिथे गावाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला एक छोटी बाग होती. बाग म्हणजे सुरूची थोडी झाडं, एक घसरगुंडी आणि दोन बाक. जवळपास टीव्ही नाही, म्हणजे देव दिसेनासे व्हायची भीती नाही. भाईंदर पश्चिमेहून बस थेट जायची. डब्यात यंत्र, बाजाराच्या पिशवीत स्कूटरची बॅटरी, आणि एरियलची तार गुंडाळायला बायकोचं जुनं लाटणं. यंत्राला ऊन लागलं की त्याचा सूर सरकतो, म्हणून छत्रीही घेतली होती.

कंडक्टर म्हणाला, "डब्यात काय?"

"रेडिओ."

"आणि पिशवीत?"

"बॅटरी."

तो लाटण्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण विचारलं नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती. आपण या माणसाबरोबर नाही, असं तिने खांदा वळवून सांगितलेलं होतं.

बागेत पोचलो आणि पहिली अडचण आली. तारेचं एक टोक मी सुरूच्या झाडाला, हात पोचेल तिथे बांधलं. दुसऱ्या टोकाशी झाडच नव्हतं. तिथे बागेचं कुंपण मोडलेलं होतं आणि त्या मोकळ्या जागेत बोंबील सुकवायच्या वलांडी उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यामध्ये एकाखाली एक दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक बोंबील इकडे, एक तिकडे. चौकला किनाऱ्यावर अशा रांगाच्या रांगा असतात. इथे एक म्हातारी कोळीण पाटीतले बोंबील काढून दोरीवर टाकत होती.

"मावशी, तुमच्या या बांबूला तार बांधू का? थोडा वेळच."

"कशाला रं?"

"हवेतून लांबच्या माणसाशी बोलायचंय."

"बोल की. मी काय हवा धरून ठेवलीय?" तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "पर बांबू माझा हाय. त्याला जे बांधशील त्ये बी माझं. मागनं बोलायचं न्हाय."

"चालेल," मी म्हणालो.

मी कुठल्याही कागदावर मागची बाजू वाचल्याशिवाय सही करत नाही. पण तोंडी बोलण्याला मागची बाजू असते हे तेव्हा लक्षात आलं नाही. मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

तार ताणली. तिच्या मधोमध जोडलेली केबल खाली यंत्राला लावली. यंत्र बाकावर, बायको बाकाशेजारी छत्री धरून. छत्री यंत्रावर होती. माझ्या डोक्यावर ऊन होतं, पण माझा सूर सरकत नाही.

यंत्राला मी एक काटा बसवला होता. एरियलकडे पाठवलेल्यातलं किती परत येतं ते तो दाखवतो. तार योग्य लांबीची असेल तर जवळजवळ काही परत येत नाही. तार मी स्वतः कापली होती, टेपने दोनदा मोजून, त्यामुळे मला काट्याची काळजी नव्हती. कळ दाबली. काटा उजवीकडे जाऊन मध्याजवळ उभा राहिला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"निम्मं परत येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पाठवलेलं बाहेर जायच्या ऐवजी निम्मं माझ्याकडेच येतंय."

"तुमच्यावरच गेलंय. बोलायला निघतं आणि दारातून परत."

मी सगळे जोड तपासले. तरी काटा तिथेच. तसंच रेटून मी हाक दिली. 'कोणी असाल तर उत्तर द्या' अशी एक ठरलेली हाक असते आणि तिच्या शेवटी आपलं सांकेतिक नाव. हेडफोनऐवजी मी छोटा स्पीकर लावला होता, साक्षीदाराला ऐकू यावं म्हणून. स्पीकरमधून नुसती खरखर आली.

"आत्ता काय म्हणालात?"

"कोणी आहे का, असं विचारलं."

"कोणाला?"

"कोणालाही."

"ओळखपाळख नसताना? कोण उत्तर देणार? आपल्या दारावर कोणी असं वाजवलं तर आपण आतून बघतो आणि गप्प बसतो."

तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मी पुन्हा हाक दिली. पुन्हा खरखर. तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "निळ्या चादरी वर, जाड्या खाली. बसतील."

मी केबलचा जोड सोडला, रुमालाने पुसला आणि परत लावला. कळ दाबली तर काटा खाली आलेला. पुन्हा दाबली. आणखी खाली. मी बायकोला म्हणालो, "जोडाला गंज होता. पुसला, झालं." असं सांगताना मला बरंच समाधान वाटलं. काटा मी हात न लावता थेट शून्याजवळ येऊन थांबला तेव्हा समाधान संपलं. कारण न देता सुधारलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो.

"अहो," बायको म्हणाली, "मागे बघा."

मागे तारेचं बांबूकडचं टोक बोंबलांनी भरलं होतं. ओले, पांढरे, लोंबणारे बोंबील, जोडी-जोडीने, नीट समान अंतरावर. मावशी पाटीतून पुढची जोडी काढत होती.

"मावशी, हे काय? ही एरियल आहे."

"माझ्या बांबूवर हाय."

"पण यावरून मला बोलायचंय."

"बोल की. बोंबील काय तुला मधी बोलत्यात?"

मी जाऊन तीन जोड्या काढून तिच्या दोरीवर टाकल्या. परत येऊन कळ दाबली. काटा वर. पुन्हा जाऊन त्या तीन जोड्या तारेवर टाकल्या. काटा खाली. हे मी दोनदा करून पाहिलं, कारण एकदा केलेल्या प्रयोगावर भरवसा ठेवू नये. बायको आणि मावशी माझं जाणं-येणं बघत होत्या.

"यांचं डोकं बरं हाय ना, बाय?"

"ऑफिसात बरं असतं," बायको म्हणाली.

आता कारण लक्षात आलं. माझी तार आखूड होती. तारेच्या टोकाला ओलं, खारट काही लोंबवलं की रेडिओला ती तार लांब वाटते. बोंबील माझी चूक भरून काढत होते. चूक कुठे झाली ते तेव्हा कळलं नाही. पण बाकावर बसून विचार करण्यापेक्षा समोर जे चाललंय ते वापरावं, असं मी ठरवलं.

"अगं, जरा तिकडे उभी राहा. मी सांगेन तशी एक एक जोडी टाक."

"मी?"

"मावशी रागावतील. तू बाई माणूस आहेस."

छत्री यंत्रावर उभी करून, दांडा बॅटरीच्या पिशवीत रोवून, ती वलांडीशी गेली. मी कळ दाबून काटा बघायचो आणि ओरडायचो.

"एक जोडी टाक. अजून एक. थांब, जास्त झालं. एक काढ."

"लहान काढू का मोठी?"

याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. "लहान," मी म्हणालो.

काटा शून्याला टेकला. रेडिओच्या इतिहासात कोणी एरियल अशी जुळवली असेल असं मला वाटत नाही, पण पुराव्याशिवाय तसा दावा करणार नाही. लोकांनी तारेला हात लावायचा नाही, मी कळ सोडली की मगच जोडी टाकायची, अशी शिस्तही घालून दिली. माझ्या यंत्राची ताकद टॉर्चच्या बल्बाएवढी होती, तरी नियम तो नियम.

हाक दिली. खरखर. पुन्हा हाक. या वेळी खरखरीच्या तळाशी काहीतरी अगदी बारीक वाजल्यासारखं झालं आणि बुडालं. काट्याकडे पाहिलं तर तो पुन्हा चढायला लागला होता.

समुद्राकडून वारा सुटला होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. बोंबील सुकत होते.

मी बॅटरीच्या पिशवीतली पाण्याची बाटली घेऊन निघालो. मावशीने मला अर्ध्या वाटेतच अडवलं.

"पानी कशाला?"

"थोडं शिंपडतो. वरच्यावर."

"अरं, सुकवायला टाकल्यात की भिजवायला?" तिने पाटी खाली ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "गोड्या पान्यानं सडतील. आनि मंग काय, तू खाशील?"

तिचं बरोबर होतं. तिला बोंबील सुके हवे होते, मला ओले हवे होते, आणि बोंबील तिचे होते. मी बाटली घेऊन परत आलो आणि बाकावर बसलो. कप्पा गेला, असं मी मनात जवळजवळ लिहून टाकलं. ज्या माणसाची ती बारीक हाक असेल, तो कुठेतरी कान लावून बसला असेल आणि मी कोरड्या बोंबलांमुळे त्याच्यापर्यंत पोचणार नाही. हे घरी गेल्यावर कोणाला सांगताही आलं नसतं.

मग बायको बोलली. कप्पा तिलाच हवा होता, हे लक्षात ठेवून वाचा.

"मावशी, पाटीत अजून किती आहेत?"

"हायेत की. निम्मी पाटी."

"मग ताजे आधी यांच्या तारेवर टाका. जरा सुकले की काढून तुमच्या दोरीवर. तारेवर परत ताजे. तुम्हाला टाकायचेच आहेत, आधी इथे टाका, नंतर तिथे."

मावशीने विचार केला. "दोनदा हात लागतो."

"एक हात माझा."

"तू टाकशील? साडी खराब होईल."

"झालीच आहे," बायको म्हणाली.

मी तिला विचारलं, "तू माझ्या बाजूने का?"

"बाजू कसली? एकदाचं बोला आणि घरी चला. मला वाटलं होतं तासभर काम आहे. शिवाय मावशी मला ताजे देणार आहेत."

तर असं सुरू झालं. मी हाक द्यायचो, थांबायचो, ऐकायचो. काटा हलला की हात वर करायचो. तिकडे दोघी सुकलेले उतरवून ताजे चढवायच्या. त्यांच्या गप्पा माझ्यापर्यंत येत होत्या. बोंबलाला रवा लावायचा की तांदळाचं पीठ, यावर त्यांचं एकमत नव्हतं. पाणी काढायला वर पाटा ठेवावा यावर होतं.

आणि मग स्पीकरमध्ये माझं नाव वाजलं. म्हणजे परवान्यावरचं नाव, टिंबा-रेघांत, सावकाश, कोणीतरी दुसऱ्या हाताने वाजवलेलं. आपलं नाव आपण न उच्चारता हवेतून यावं, याची मला सवय नव्हती. मी इतका गोंधळलो की उत्तर द्यायच्या ऐवजी उभा राहिलो.

"बसा," बायको तिकडून म्हणाली. "काय झालं?"

"आलं. कोणीतरी आलं."

"कुठे?" मावशीने रस्त्याकडे पाहिलं.

दोघी बाकाजवळ आल्या. बायकोने हात पदराला न लावता लांब धरले होते आणि कोपराने छत्री सावरली. मी उत्तर दिलं. घाईत प्रत्येक टिंबाला एक जादा टिंब लागत होतं. पलीकडचा माणूस समजूतदार निघाला. त्याने सगळं दोनदा पाठवलं. तो सांगलीचा होता. माझा आवाज त्याच्याकडे मध्यम येत होता, पण येत होता.

"काय म्हणतोय?" बायको म्हणाली.

"सांगलीला आहे म्हणतोय."

"कशावरून? मला तर नुसतं पीं पीं ऐकू येतंय. तुम्ही सांगाल ते खरं मानायचं?"

हा मुद्दा मी विचारात घेतलेला नव्हता. अट अशी होती की तिच्यासमोर बोलायचं. तिच्या दृष्टीने समोर एक फरसाणाचा डबा शिट्टी वाजवत होता. बोलणारा माणूस तिला कुठून दाखवणार?

तेवढ्यात त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. एरियल कोणती? या प्रश्नाचं सरळ उत्तर 'साधी तार' असं देता आलं असतं आणि ते अर्धंच खरं झालं असतं. मी खरं ते ठोकलं. साधी तार, टोकाला बोंबील. बोंबील हा शब्द मी इंग्रजी अक्षरांत, एक एक करून पाठवला. पलीकडे शांतता. मग एक प्रश्नचिन्ह. मी शब्द पुन्हा पाठवला.

पुन्हा शांतता. मला वाटलं, गेला. माणूस नाराज होऊन गेला, किंवा मी दारू पिऊन बसलोय असं समजला.

मग त्याने विचारलं: ओले की सुके?

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "वल्ले म्हन. आत्ता टाकल्यात."

मी ओले असं पाठवलं. त्यानंतर स्पीकरमधून जे आलं त्यात अक्षरं थोडी होती. चार टिंबं, लगेच दोन. पुन्हा चार, पुन्हा दोन. मग थांबून परत तेच, आधीपेक्षा जोरात आणि वेडंवाकडं, जणू त्याचा हात कळीवर ठरत नव्हता. मोर्समध्ये ही एक ठरलेली खूण असते. ती मी घरी कधी सांगितली नव्हती, कारण सांगायची वेळच आली नव्हती.

बायको डब्यावर वाकली. छत्री तिच्या कोपरातून निसटली.

"हसतोय ना तो?" ती म्हणाली.

मावशी आधीच हसत होती. "हसतोय मेला. पोट धरून हसतोय."

पलीकडे पुन्हा चार आणि दोन वाजली. बायकोने बोंबलाचे दोन्ही हात डब्यासमोर धरले आणि म्हणाली, "हसा. तिकडे बसून हसायला काय जातंय. इथे माझे हात बघा."

त्याला ते दिसणार नव्हतं आणि ऐकूही जाणार नव्हतं. पण ती ते त्याला म्हणाली, मला नव्हे. मी निरोपाचे शब्द पाठवले, त्याने पाठवले, आणि खरखर परत आली.

घरी जाताना बसमध्ये आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. बायकोच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले ताजे बोंबील, माझ्या मांडीवर लाटण्यावर गुंडाळलेली तार. त्या तारेला साबण लावला, लिंबू चोळलं, गॅलरीत वाळवली. वास गेला नाही. तरी ठरल्याप्रमाणे ती डब्यासकट कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. नाताळच्या आधी बायको चादरींचा गठ्ठा घेऊन कपाटापाशी आली. जिंकलेला कप्पा ती परत मागायला आलीय असं वाटून मी उठलो. तिने दार उघडलं, क्षणभर उभी राहिली, आणि लावलं.

"राहू दे तुमचं," ती म्हणाली. चादरी शेवटी माळ्यावर गेल्या.

तारेच्या हिशोबातली चूक मला चौकहून आलो त्याच आठवड्यात सापडली होती. तार हिशोबापेक्षा थोडी आखूड कापायची असते; पुस्तकातल्या सूत्रात त्यासाठीचे पाच टक्के आधीच वजा केलेले होते, आणि मी खबरदारी म्हणून ते पुन्हा वजा केले होते. साडेसहासष्ट फुटांऐवजी माझी तार सव्वात्रेसष्ट फूट झाली होती. कमी पडणारी तार विकत आणून मी टेबलावर मोजत बसलो होतो, सोल्डरिंगची सळई तापत होती.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. "हे जोडलंत की बोंबील लागणार नाहीत?"

"नाही. मग तार कुठेही बांधता येईल."

"म्हणजे चौकला जायचं नाही."

"गरज नाही."

"मावशींना मी येत्या रविवारी येते म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

मी सळईचा प्लग काढला. ती तार अजूनही माझ्याकडे आहे. अजूनही सव्वात्रेसष्ट फूट.